मशीनच्या पोटातली यादी

दत्ताराम सकपाळ टाइप करताना कागदाकडे बघत नाही, कळांकडे तर नाहीच नाही. तो तुमच्या तोंडाकडे बघतो.

महाडच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली पंचवीस वर्षं त्याचं टेबल आहे. समोरच्या स्टुलावर अशील बसतो, आपली कर्मकथा सांगतो, आणि दत्ताराम त्याच्या डोळ्यांत डोळे घालून, मान डोलवत, मधूनच 'अरेरे' करत ऐकत राहतो. अशिलाला वाटतं, काय मायाळू माणूस आहे. कथा संपते तेव्हा प्रतिज्ञापत्रही संपलेलं असतं. वरती डोळे आणि खाली दहा बोटं, या दोन खात्यांचा एकमेकांशी पत्रव्यवहारच नाही. एकदा एक म्हातारी वैतागून म्हणाली होती, "माझ्याकडं काय बघतोस मेल्या, कामाकडं बघ." हे वाक्यसुद्धा तिच्या प्रतिज्ञापत्रात टाइप झालं, असं वकील मंडळी सांगतात. मी ते स्वतः पाहिलेलं नाही, पण दत्तारामनं ते कधी नाकारलेलंही नाही.

राहायला तो पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या वरच्या अंगाला, चोपन्न घरांच्या वाडीत. रोज सकाळी एसटीनं महाडला, संध्याकाळी परत. नव्व्याण्णव साली कुठलंसं ऑफिस बंद पडलं तेव्हा तिथला एक जुना कंप्युटर आणि करवतीसारखा आवाज करणारा प्रिंटर त्यानं घरी आणला. एसटीच्या टपावरून आलेला तो वाडीतला पहिला कंप्युटर. भाताच्या कणगीशेजारी त्याची स्थापना झाली. त्याच्या बायकोनं, तुळजाबाईनं, नारळ फोडला आणि चौदा इंची मॉनिटरला झालरीचं पांढरं झाकण शिवलं. त्यावर तिनं दोन पोपट भरले. एक पोपट नीट आला, दुसऱ्याचं काय झालं कोण जाणे, तो कोंबडीकडे झुकला. पण वाडीत कंप्युटरला कोणी कंप्युटर म्हणत नसे. 'मशीन' म्हणत, आणि खोलीत जाताना चपला बाहेर काढत.

आता या मशीनच्या पोटात वाडीची अब्रू कशी गेली, ते सांगायला हवं.

शिमग्याला सोमजाईची पालखी घरोघर फिरते. कोणाच्या घरी आधी आणि कोणाच्या घरी मागून, याला मान म्हणतात. पहिला मान पाटलाच्या घरचा, त्यात वाद नाही. दुसऱ्या मानावरून मात्र वरच्या आळीचे हैबतीनाना उतेकर आणि खालच्या आळीचे सयाजीबुवा यांचं तीस वर्षं वाकडं. दोघंही सत्तरीच्या पुढचे, दोघांनाही गुडघेदुखी, आणि दोघांनाही जावं लागतं एकाच विहिरीवर. तीन वर्षं बैठका झाल्या. शेवटी ठरलं की दुसरा मान एक वर्ष नानांचा, एक वर्ष बुवांचा, आणि बाकीच्या घरांचा क्रम एकदाच कायमचा लिहून ठेवायचा.

लिहून ठेवायचा, इथंच घोळ होता. कागदावरची प्रत्येक यादी चार दिवसांत कुठल्या ना कुठल्या पेनाखालून जायची. आठव्या घराचा दहावा नंबर व्हायचा, एखादं घर दोनदा यायचं, एकदा तर एका गोठ्यालाही मान मिळाला होता. मग दत्ताराम भर देवळात म्हणाला की यादी मशीनमध्ये ठेवू. मशीनला आळी नाही, भावकी नाही, ते कोणाच्या घरी चहा पीत नाही. दत्तारामचं स्वतःचं घर दोन आळ्यांच्या बरोबर मध्ये, त्यामुळे त्याच्यावर दोन्हीकडून सारखाच संशय होता. ठराव पास झाला. शिमग्याच्या दिवशी मशीनमधून एक कागद निघणार, तो देवळापुढे वाचायचा, पालखीत देवीच्या पायाशी ठेवायचा आणि शिमगा सरला की पाण्यात सोडायचा. उरलेल्या सगळ्या जुन्या याद्या, मसुदे, वह्यांची पानं, सगळं दोन हजार दोनच्या होळीत टाकलं. वाडी टाळ्या वाजवत उभी होती. 'आता भांडण जळालं,' असं सयाजीबुवा म्हणाल्याचं मला आठवतं. मशीन बंद पडलं तर काय, असं विचारणारा एकही जण त्या होळीभोवती नव्हता. दत्तारामचा मित्र म्हणून पाहुणा गेलेला मीही नव्हतो विचारणारा. मी तेव्हा पुरणपोळीच्या विचारात होतो.

दोन हजार तीनच्या शिमग्याला दत्तारामनं मला पुन्हा बोलावलं. त्याच वर्षी त्याचा पुतण्या जितेश डोंबिवलीहून आला. वय अठ्ठावीस, केसांना जेल, आणि खिशात नव्या विंडोज एक्सपीची सीडी. जितेश मुंबईत 'कंप्युटरच्या लाइनीत' होता. म्हणजे नक्की काय, हे विचारल्यावर तो फक्त लाइन मोठी असल्याचं सांगायचा.

होळीच्या दिवशी सकाळी पोहे खाताना तो म्हणाला, "काका, नाइंटी-एट अजून कोण वापरतं? एक्सपी टाकून देतो. फाइली सगळ्या जागेवर राहतात. टेन्शन नाय लेने का."

दत्ताराम आधी नाही म्हणाला. मग जितेशनं नव्या पडद्यावर येणाऱ्या चित्राचं वर्णन केलं. हिरवीगार टेकडी आणि वर निळं आभाळ. मार्च महिन्यात पोलादपूरचे सगळे डोंगर भाजलेल्या भाकरीच्या रंगाचे असतात. दत्तारामनं खिडकीतून बाहेर पाहिलं आणि तो विरघळला.

दोन तास यंत्र घुरघुरलं, चारदा बंद होऊन उठलं, आणि अकराच्या सुमाराला खरोखर हिरवी टेकडी आली. तुळजाबाईसुद्धा पदराला हात पुसत बघून गेल्या आणि "गवत चांगलं हाय, पण एक ढोर नाय चरत" एवढाच शेरा मारून गेल्या. इथं जितेशनं थांबायला हवं होतं. पण चित्र अजून झकास करतो, असं म्हणून तो कुठल्याशा खिडकीत शिरला, आकडे वाढवले, एक बटण दाबलं, आणि टेकडी गेली. आभाळ गेलं. पडदा काळाकुट्ट. जितेशनं घाबरून हाताला येतील त्या कळा दाबल्या. काही नाही. बंद करून चालू केलं. आधी अक्षरं आली, मग कंपनीचं चिन्ह आलं, आणि नेमकं टेकडी यायच्या वेळी पुन्हा काळोख. मात्र आतून स्पीकरवर ते सुरेल स्वागताचं संगीत वाजलं. म्हणजे पाहुणा घरात आहे, गातो आहे, पण तोंड दाखवत नाही.

"जिवंत हाय," दत्ताराम म्हणाला.

जितेशनं उपाय सुरू केले. वायर काढून पुन्हा बसवली. वायर फुंकली. मॉनिटर बाजूनं थोपटला. मग डबा उघडून आत फुंकर मारली, तेव्हा चार वर्षांचा भाताचा कोंडा उडाला आणि त्यालाच शिंकांचा झटका आला. पडदा काळाच. अर्ध्या तासात 'टेन्शन नाय' हे शब्द त्याच्या बोलण्यातून संपूर्ण नाहीसे झाले, आणि दुपारच्या एसटीचं वेळापत्रक येऊ लागलं.

महाडला कंप्युटर दुरुस्त करणारा एक राजेश आहे, गुणी माणूस. दुकानातल्या फोनवरून मीच त्याला सहा वेळा फोन लावला. कोणी उचलेना. उचलणार कसा? शिमग्याला कोकणात देव पालखीत बसतो आणि मेकॅनिक आपल्या गावी जातो. त्याच्याही गावात पालखी होतीच.

बारा वाजेपर्यंत बातमी दोन्ही आळ्यांत पोचली होती, आणि एक वाजता दोन्ही आळ्या दत्तारामच्या अंगणात पोचल्या. चपलांचा ढीग लागला. हैबतीनाना खुर्चीवर बसले, सयाजीबुवा मुद्दाम उभे राहिले. वरच्या आळीचं म्हणणं पडलं की यादी गेली असेल तर मान जुन्या वहिवाटीनं, म्हणजे वरच्या आळीनं ठरवायचा. खालच्या आळीला नेमकी तीच वहिवाट उलटी आठवत होती. तीस वर्षांचं भांडण होळीत जळालं होतं म्हणे. ते राखेतून हात-पाय झाडत उठलेलं मी समोर पाहिलं. गंमत अशी की ती यादी त्यातल्या निम्म्या लोकांना तोंडपाठ होती. पण तोंडावर कोणाचाच विश्वास नव्हता. ती मशीनमधूनच यायला हवी होती. आणि मशीनवर विश्वास ठेवा असं भर देवळात सांगणारा माणूस कणगीला टेकून घाम पुसत होता. चार वाजता यादी वाचली गेली नसती, तर पालखी उठली नसती आणि दत्तारामला त्या वाडीत पुन्हा तोंड वर काढता आलं नसतं.

कोणीतरी सुचवलं की देवीला विचारा. भिकाजी गुरवानं देवळात कौल लावला. म्हणजे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पहिला प्रश्न जितेशच्या आग्रहावरून विचारला गेला: बिघाड वायरमध्ये आहे का? उजवी पडली. मग डब्यात आहे का? पुन्हा उजवी पडली. भिकाजीनं जितेशकडे असं पाहिलं, की देवीला नीट प्रश्न विचारायची अक्कल नसेल तर माणसानं डोंबिवलीतच राहावं. मग त्यानं स्वतः विचारलं, "यादी आत हाय का गो, आई?" उजवी पाकळी विचारायच्या आधीच सुटली म्हणा ना. सगळ्यांना हायसं वाटलं. "भायेर येईल का?" या प्रश्नाला मात्र दोन्ही पाकळ्या चिकटून राहिल्या. दहा मिनिटं वाट पाहिली, भिकाजीनं हळूच फुंकरही मारली असावी. देवीनं मत राखून ठेवलं.

दत्ताराम उठला तो इथं. म्हणाला, देवीनं सांगितलंय की यादी आत आहे. मशीन गातंय, म्हणजे शुद्धीवर आहे. पडदा लागतो तो बघायला, आणि मी बघून कधी टाइप केलंय? मी आंधळ्यानं काढतो. फक्त खोलीत कोणी नको.

घरी येऊन त्यानं मशीनच्या खोलीचं दार लावून घेतलं. अंगणात साठ माणसं उभी, आणि आतून टकटक ऐकू येतेय. थोडी टकटक, मग प्रिंटरची करवत, मग शांतता. पुन्हा टकटक, पुन्हा करवत, पुन्हा शांतता. मग मात्र टकटक सुरू झाली ती थांबेचना. सलग, एका लयीत, कोर्टाबाहेर असते तशी. हैबतीनाना डोळे मिटून ऐकत होते. शेवटी करवत पुन्हा चालली, बराच वेळ चालली, आणि साडेतीन वाजता दत्ताराम दार उघडून कागद हातात घेऊन बाहेर आला. सदरा अंगाला चिकटलेला.

चार वाजता देवळापुढे भिकाजीनं यादी वाचली. पाटील पहिले, हैबतीनाना दुसरे, सयाजीबुवा तिसरे. पुढच्या नावांना कोणी हरकत घेतली नाही. यादी ऐकताना माणूस दोनच नावं ऐकतो, आपलं आणि आपल्या पुढच्याचं. कागद पालखीत देवीच्या पायाशी गेला. ढोल वाजला. दत्तारामला लोकांनी खांद्यावर घेतला नाही एवढंच, कारण खांदे पालखीसाठी राखीव होते.

मी त्याला मिठी मारायला गेलो तर त्यानं मला गोठ्यामागे ओढलं आणि खिशातून दोन चुरगळलेले कागद काढले. एक होतं हरवलेल्या रेशनकार्डाचं प्रतिज्ञापत्र, दुसरी कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, वधूच्या नावापर्यंत.

"फाइल सापडली नाय," तो म्हणाला. "अंधारात चाचपडतोय तर हे यायला लागलं. मग कोरा कागद उघडला. तेवढ्या कळा पाठ हायत. आणि चोपन्न घरं मनानंच टाइप मारली."

मी हादरलो. म्हणजे वाडीचा मान पुन्हा माणसाच्या तोंडातूनच आला होता, फक्त वाटेत दहा बोटं आणि एक प्रिंटर लागला होता. पण मी लगेच त्याला धीर दिला, की बरोबर आलंय, सगळे खूश आहेत, त्रेपन्नच्या त्रेपन्न घरं...

"चोपन्न," दत्ताराम म्हणाला.

भिकाजी वाचत असताना मी बोटांवर मोजलं होतं. सवयच आहे मला, भाषणातले मुद्दे मोजायची. त्रेपन्न होती. आम्ही दोघं गोठ्यामागे उकिडवे बसलो आणि वाडी पुन्हा पायथ्यापासून मोजली. खालची आळी पूर्ण. ठमाबाईचं एकटं घर, आहे. वरची आळी पूर्ण. मग दत्तारामनं मान वर केली आणि समोरच्या घराकडे पाहिलं. कौलारू, निळ्या दाराचं, परसात शेवगा. त्याचं स्वतःचं घर. पंचवीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांचीच नावं टाइप करत आला. बोटांना त्याचं नाव माहीतच नव्हतं.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन सांग. सांगायचं काय? मशीन चुकलं, असं सांगितलं तर उद्या प्रत्येक घर म्हणणार, आमच्याही बाबतीत चुकलं असेल. आणि मनानं मारली, असं सांगितलं तर पालखी आत्ताच खाली उतरणार.

"राहू दे," तो शेवटी म्हणाला. "एक वर्ष. एकाच घराचा परश्न हाय." मग निळ्या दाराकडे बघत, "तिला काय सांगू नकोस."

'ती' दोन दिवस रांगोळीच्या तयारीत होती. तुळजाबाईंनी अंगण तीनदा सारवलं. तांब्याची आरती चिंचेनं घासली. मला विचारायच्या, पालखी किती वाजता येईल हो भाऊ, तुम्ही यादी ऐकलीत ना? मी असं काही बोलत होतो की ज्याचा अर्थ मलाही लागत नव्हता. जितेशनं मात्र एसटी पकडली नाही. होळीपासून तो पालखीच्या मागच्या दांड्याखाली घट्ट होता. मला वाटतं प्रायश्चित्त चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पालखी दोन आळ्यांच्या मधल्या घरांकडे आली. तुळजाबाई नवी हिरवी साडी नेसून, आरती पेटवून फाटकात उभ्या. दत्ताराम त्यांच्या मागे, आपल्याच घरात लपल्यासारखा. पालखी शेजारच्या घरातून बाहेर पडली. भिकाजीनं कागद उघडला, पुढचं नाव वाचलं. ते वरच्या बाजूच्या घराचं होतं.

तुळजाबाईंचा चेहरा मला बघवेना. त्यांनी मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "अवो, आपलं घर मशीनला दिसलं नाय?"

आयुष्यात पहिल्यांदा दत्ताराम समोरच्याच्या तोंडाकडे न बघता जमिनीकडे बघत होता.

पालखी फाटकासमोरून दोन पावलं पुढं गेली आणि थांबली. पुढच्या दांड्याखाली उजव्या बाजूला हैबतीनाना होते. वयाच्या मानानं त्यांना नुसता हात लावायला दिला होता.

"काय झालं, नाना?" भिकाजीनं विचारलं.

"जड झालीय," हैबतीनाना म्हणाले. "पाऊल उचलत नाय."

पालखी जड होते, देवीला जिथं जायचं असतं तिकडंच ती ओढ घेते, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. ढोल थांबला. डावीकडच्या दांड्याला सयाजीबुवा होते. त्यांनी नानांकडे पाहिलं. तीस वर्षांत या दोघांचं घड्याळातल्या वेळेवरही एकमत झालं नव्हतं.

"माझ्या खांद्यावरबी जड हाय," बुवा म्हणाले.

जितेश मागून म्हणाला की पण यादीत तर हे घर नाही. नानांनी मान न वळवताच त्याला सांगितलं, "यादी मशीनची हाय. पालखी देवीची हाय. तू गप खांदा दे."

पालखी वळली आणि निळ्या दारातून आत गेली. तुळजाबाई देवीला ओवाळायला लागल्या त्या थांबायचंच विसरल्या. दत्ताराम नारळ घेऊन पुढं आला, तेव्हा नाना त्याच्या कानाशी वाकले. मी शेजारीच होतो म्हणून ऐकलं.

"मोप वेळ टकटक चालली होती रे दत्तू," नाना म्हणाले. "पाठ होती?"

दत्तारामनं नारळाची शेंडी सोलायला घेतली.

"माझीबी पाठ हाय," नाना म्हणाले. "चोपन्न."

शिमगा संपल्यावर चार दिवसांनी महाडहून राजेश आला. त्यानं मशीन सुरू करताना एफ-आठची कळ दाबून धरली, साध्या चित्राचा पर्याय निवडला, आणि दोन मिनिटांत टेकडी हजर. जितेशनं जे मोठे आकडे लावले होते, ते या म्हाताऱ्या मॉनिटरला झेपणारे नव्हते, एवढंच. मशीननं तेव्हा विचारलंही होतं, हे आकडे ठेवू की परत घेऊ? कोणी काही केलं नसतं तर पंधरा सेकंदांत ते आपणहून पूर्ववत झालं असतं. जितेशनं अंधारात कळा बडवताना त्याला 'ठेव' म्हणून सांगितलं.

"म्हणजे मशीननं कौल लावला होता," भिकाजी गुरव दारातून म्हणाला, "आणि ह्या बाबानं उजवी पाकळी हातानं पाडली."

राजेशनं यादीची फाइल उघडून दाखवली. दत्ताराम पुढं वाकला आणि ओठ हलवत वाचू लागला. त्रेपन्न घरं त्यानं मनानं मारली होती तशीच, एकही जागा न चुकता. तुळजाबाई चहा घेऊन आल्या आणि कप खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "राजेशभाऊ, आमचं घर हाय का त्यात, बघा जरा."

"आहे की, वहिनी. एकतीस नंबर."

त्यांनी वाकून स्वतः पाहिलं. वाचता त्यांना बेताचंच येतं, पण आपलं आडनाव त्या ओळखतात. चहा दिला, पदर सावरला, आणि खुंटीवरचं झालरीचं झाकण घेऊन त्यांनी हिरव्या टेकडीसकट सगळ्या मॉनिटरवर घातलं. कोंबडीकडे झुकलेला पोपट समोर आला.

"आता फुडच्या शिमग्यापर्यंत," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "ह्याला हात लावायचा नाय."